लाल आपला, निळा साडूचा

१ फेब्रुवारी

उद्या विमान. साडूला वाटतंय, तो सहलीला चाललाय.

मूळ प्रकरण एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी फाटे फोडायला नकोत. सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. जेवणाच्या खोलीत उडतं झुरळ. मी टेबलावर चढलो. चढलो ते छताचं इन्स्पेक्शन करायला. झुरळ उडालं की उगम वर शोधायचा, हे कीटकनियंत्रणात बावीस वर्षं काढलेल्या एरिया मॅनेजरला सांगावं लागत नाही. पाय आपोआप वर जातात. इन्स्पेक्शनच्या वेळी माणसाच्या तोंडून एखादा आवाज निघू शकतो. साडूनं नेमका तेवढाच ऐकला. त्यानं चपलेनं झुरळ मारलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, उतरा टेबलराव, गेलं ते. सासरे इतके हसले की कवळी ताटात पडली.

तेव्हापासून सासरी मी टेबलराव. मेहुण्याची पोरं टेबलकाका म्हणतात. मागच्या महिन्यात एका क्लायंटनं फोनवर विचारलं, टेबलराव तुम्हीच का? त्याच्या गाड्यांना टायर साडूच्या दुकानातून जातात.

तर सूड. दुसरा सभ्य शब्द शोधून पाहिला, मिळाला नाही. देश मी निवडलाय: उष्ण, दमट, जंगल, नदी, मगरी, साप, विंचू. साडूला म्हटलं, चौघांना डिस्काउंट आहे, दोघी बहिणींनाही बरं वाटेल. लगेच हो म्हणाला. जन्म टायरांत गेलेला माणूस. डासापलीकडे वन्यजीव पाहिलेला नाही. तिथे तो कशावर तरी चढणारच. टेबल, खुर्ची, कॉट, काहीही चालेल. मी फोटो काढणार, मोठा करणार आणि पुढच्या वाढदिवसाला सासऱ्यांच्या हातात फ्रेम देणार. त्यासाठी लांब लेन्सचा कॅमेरा घेतला.

बायकोला मगर पाहायची आहे. तिला वाटतं, कॅमेरा त्यासाठी घेतला. वाटू दे.

३ फेब्रुवारी, दुपार

पोचलो. हवा अशी की कुणीतरी गरम ओला टॉवेल तोंडावर धरून उभं आहे. लाकडी खोल्या, खिडक्यांना जाळ्या, समोर नदी. जाळीला दोन भोकं आढळली. मॅनेजमेंटच्या कानावर घातलं. ते हसले. त्यांनाही सूडाच्या यादीत घेतलं.

चहाच्या वेळी टूर मॅनेजरनं सूचना दिल्या. बूट झटकून घाला. नदीत हात घालू नका. आणि काहीही झालं तरी बिनइस्त्रीचे कपडे अंगाला लावू नका. इथली एक माशी सावलीत वाळणाऱ्या ओल्या कपड्यांवर अंडी घालते. तसा कपडा घातला की अळी कातडीत शिरते आणि आत बसून वाढते. इस्त्री फिरली की सगळं मरतं. मंडळींनी ई केलं. सगळ्यात मोठ्यानं साडूनं. मी फक्त मान डोलावली. प्रोफेशनली.

मग बायकोनं हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा. ती स्वतः शाळेत जीवशास्त्र शिकवते. वीस वर्षं दर वर्षी फळ्यावर मगर काढते आणि सांगते की अंडी फुटली की आई पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. एक दात लागू देत नाही. आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, बाई, गिळत असेल, तुम्हाला काय माहीत. तिनं टूर मॅनेजरला विचारलं, दिसेल का? तो म्हणाला, नदीपलीकडे वाळूत घरटं आहे, आपल्या मुक्कामाच्या शेवटी शेवटी फुटेल, नशीब असेल तर दिसेल. बायकोचा चहा तसाच राहिला. मोठी बहीण तिला म्हणाली, अगं पी, मगर काही पळून जात नाही.

मी लेन्स पुसली.

४ फेब्रुवारी

जंगलवॉक. प्लॅन साधा होता. साडूला मुंग्यांच्या रांगेपर्यंत न्यायचं. इथल्या मुंग्या चावल्या की सोडत नाहीत. रांग मी आधी हेरली होती. म्हटलं, साडूभाऊ, तिथे त्या ओंडक्याजवळ उभे राहा, लाइट छान आहे. तो उभा राहिला. पोट आत घेतलं. मी फोकस करत दोन पावलं मागे गेलो.

रांगेला दुसरी एक शाखा होती. ती नकाशावर नव्हती.

पँट काढावी लागली. अठरा जणांच्या ग्रुपसमोर. बायको आणि तिची बहीण ताई सोडून बाकी सगळे तोंड फिरवून उभे राहिले. त्या दोघी मुंग्या उपटत होत्या आणि ताई म्हणत होत्या, हलू नका हो, लहान आहात का. साडूनं स्वतःचा टॉवेल माझ्या कमरेभोवती धरला. हा त्याचा जुना डाव आहे. मदत करतो म्हणजे प्रेक्षक वाढतात.

जवळच एक ओंडका होता. मी त्यावर चढलो नाही. याची नोंद व्हावी.

मुंग्यांचा हिशोब वेगळा. कंपनीचं सगळ्यात कडक औषध कुठलं ते मला माहीत आहे.

५ फेब्रुवारी

माकडं. साडूच्या टोपीत शेंगदाणे ठेवले, त्याच्या नकळत. माकडं मोठी होती, दात दाखवत होती. आता साडू गाडीच्या टपावर चढणार, निदान बोनेटवर. कॅमेरा तयार.

माकडानं टोपी उचलली, शेंगदाणे खाल्ले, टोपी साडूला परत दिली. मग माझ्याकडे आलं आणि चष्मा नेला.

माकडाचा चेहरा लक्षात ठेवलाय. डाव्या कानाला खाच आहे.

बॅगेतला जुना चष्मा काढला. एक काडी लूज आहे, दोऱ्यानं बांधली. दोरा बायकोच्या डबीतला. आणि डबी बघता बघता डोक्यात वीज चमकली. उद्या सविस्तर.

६ फेब्रुवारी, सकाळ

दोघी बहिणी कपड्यांची खरेदी एकत्र करतात. बनियन, चड्ड्या, डझनाचं खोकं घ्यायचं आणि अर्धं अर्धं वाटायचं. ताई म्हणतात, सुटे घेतले की लुबाडतात. म्हणजे मी आणि साडू, आतून आम्ही एकच. एकच कंपनी, एकच साइज. साइजबद्दल मला आक्षेप आहे, साडू दोन नंबर मोठा आहे, पण ते असो. प्रवासात धुणं एकत्र असतं, म्हणून बायको आतल्या बाजूला, लेबलाजवळ, दोऱ्याचे दोन टाके घालते. मागच्या सहलीत स्वतः सांगितलं होतं: लाल आपला, निळा साडूचा.

आता जोडून बघा. माशी. सावलीतली दोरी. इस्त्री.

इथे धुणं खोल्यांमागच्या झाडांखाली वाळतं. इस्त्रीचं टेबल पडवीत. निळ्या दोऱ्याचे कपडे दोरीवरून उचलायचे, इस्त्रीला चुकवायचे, घडी घालून इस्त्री झालेल्या ढिगात सरकवायचे. पुढचं काम बहिणी करतील. त्या दोऱ्यावरून वाटतात. मी कशाला हातही लावायचा नाही. मग निसर्ग आपलं काम करील.

यात सूड कमी आणि प्रयोग जास्त आहे. फील्ड स्टडी. साडूच्या अंगावर अळी असल्याचं त्याला जेव्हा कळेल तेव्हा तो कशावर चढेल एवढंच पाहायचं. मला वाटतं, कपाटावर.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ

झालं.

सगळे बोटिंगला गेले होते. मी पोट बिघडल्याचं सांगितलं. झाडाखाली माश्या घोंगावत होत्या. त्यांना बघून पहिल्यांदाच आमच्या धंद्याबद्दल कृतज्ञता वाटली. निळा दोरा, निळा दोरा, निळा दोरा. तीन बनियन, तीन चड्ड्या. मी पडवीत बसून त्यांच्या घड्या घातल्या. अशा कडक घड्या की इस्त्रीनं झक मारावी.

शेवटची घालत होतो आणि मागून साडू. टोपी विसरला म्हणून परत आला होता. विचारलं, काय टेबलराव, धुणं?

माझं डोकं अशा वेळी थंड असतं. म्हटलं, तुमचेच कपडे आहेत साडूभाऊ, पडून होते, म्हटलं घड्या घालून ठेवाव्यात.

त्यानं घड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बसा, बसा. आणि टोपी न घेताच गेला.

संशय आला असावा असं वाटलं होतं. पण जेवताना त्यानं चमच्यानं ग्लास वाजवून सगळ्या ग्रुपला सांगितलं, आमचे साडू बघा, पोट दुखत असताना माझ्या बनियनच्या घड्या घालत बसले होते. माझ्या सख्ख्या भावानं आयुष्यात केलं नाही. टाळ्या झाल्या. ताईंनी डोळे टिपले. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिचं ते पाहणं मला आवडलं नाही. पेपर तपासताना, दोन मुलांची उत्तरं सारखी आली की ती तसं पाहते.

७ फेब्रुवारी

बहिणींनी ढीग वाटला. साडूची चळत त्याच्या खोलीत गेली. माझे कपडे नेहमीप्रमाणे पलंगावर काढून ठेवले होते. आंघोळ करून घातले. मन प्रसन्न.

नाश्त्याला साडूनं दंड खाजवला. दोनदा.

८ फेब्रुवारी

साडू: मान (एकदा), पोटरी (दोनदा), एकदा झाडाला पाठ घासली. मी लांब लेन्समधून पाहिलं. बायकोनं विचारलं, पक्षी दिसतोय का? म्हटलं, दिसेल लवकरच.

जुन्या देवळात नेलं होतं. भिंतींवर वटवाघळं. बाकी पाहिलं नाही, साडू पाठमोरा होता.

१० फेब्रुवारी

मला कमरेखाली थोडं खाजतंय. घामोळं. या हवेत होणारच. कंपनीची पावडर लावली.

साडूला म्हटलं, काही त्रास वगैरे होतोय का? म्हणाला, अजिबात नाही, तुमच्या कृपेनं. तुमच्या घड्या घातल्यापासून बनियन अंगाला कसं मऊ लागतं हो. 

लागू दे मऊ.

११ फेब्रुवारी

धबधबा. लोक म्हणाले, सुंदर. मी ओल्या खडकावर बसू शकलो नाही. तसा उभा राहूनही धबधबा दिसतो.

घामोळं उठून दिसतंय. हाताला तीन-चार फोड लागले. आरशात पाहायचा प्रयत्न केला. आरसा भिंतीला खिळलेला, माणूस तितका वळत नाही. गळवं असावीत. माझ्या रक्तात उष्णता आहे, हे आमच्या आईचं पूर्वीपासूनचं निदान. माणसात स्वाभिमान असला की ती होते.

साडू नदीकाठी झोपाळ्यावर आडवा पडून शीळ घालत होता. अळी आत गेल्यावर सुरुवातीला रुग्णाला बरं वाटत असावं. वाचलेलं नाही, पण तर्क आहे.

१२ फेब्रुवारी

आज बसून जेवलो नाही. बायकोनं विचारलं. म्हटलं, उभं जेवलं की पचतं, नवं संशोधन आहे. साडू लगेच ताट घेऊन माझ्या शेजारी उभा राहिला. म्हणाला, मग मीही. त्याच्यामागे ताई. थोड्या वेळानं आमचं अर्धं टेबल उभं होतं आणि वाढपी घाबरून विचारत होता, खुर्च्यांत काही निघालं का.

अळ्या अजून बाहेर कशा पडत नाहीत? टूर मॅनेजरला आडून विचारलं, ती माशी कधी फेल जाते का? म्हणाला, कधीच नाही. का? म्हटलं, सहज, प्रोफेशनल इंटरेस्ट.

रात्री पालथा झोपणार. पाठीला आराम म्हणून.

१४ फेब्रुवारी, सकाळी दहा

आजचा प्रसंग विपर्यास होण्याआधी लिहून ठेवतो.

काल संध्याकाळी निरोप आला की वाळूतून पिल्लांचे आवाज यायला लागले. आज पहाटे बोट. बायको कधीच तयार होऊन बसली होती. वेणी घातली होती, शाळेत इन्स्पेक्शन असलं की घालते तशी. वही घेतली, पेन्सिल घेतली, पेन्सिलीला टोक काढलं, मग पुन्हा काढलं.

बोटीत फळ्या. मी उभा राहिलो. नावाडी म्हणाला, बसा. म्हटलं, ठीक आहे, मी असाच बरा. तो म्हणाला, मगरीच्या पाण्यात उभ्या माणसाला घेऊन बोट नेत नाही, बसा नाहीतर उतरा. मी उतरणार नाही म्हणालो. पूर्ण पैसे भरलेत. कुणाच्या पर्सनल कारणासाठी माणसाला जबरदस्तीनं बसवता येत नाही, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. साडू म्हणाला, अहो टेकायचं नुसतं, माझ्या मांडीवर टेका. ग्रुपमधलं कुणीतरी म्हणालं, काका बसा हो. मी एकदा प्रामाणिक प्रयत्न केला. टेकलो. आणि ओरडून वर उसळलो. बोट डुलली. नावाडी त्याच्या भाषेत माझ्या घराण्याबद्दल काहीतरी बोलला आणि दोर परत खुंटीला बांधला.

माझी समजूत घालेपर्यंत ऊन वर आलं. मग बोट नेण्यात अर्थ नाही म्हणाले, ऊन चढल्यावर मगर पिल्लांना बाहेर काढत नाही. पलीकडच्या काठावर दुसरा एक ग्रुप होता. त्यांनी आनंदानं केलेला आवाज आम्हाला इकडे ऐकू आला.

बायकोनं वही पिशवीत ठेवली, पेन्सिल तिच्या शेजारी. ताई मात्र बोलल्या, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

टूर मॅनेजर म्हणाला, अर्धी अंडी अजून फुटायचीत. उद्या पहाटे शेवटचा चान्स. दुपारी विमान.

१४ फेब्रुवारी, दुपार

बायकोनं दार लावलं, चष्मा लावला आणि म्हणाली, पालथे व्हा.

म्हटलं, गळवं आहेत. ती म्हणाली, व्हा म्हटलं ना.

तिनं पडदा सरकवला, वाकून पाहिलं. मग म्हणाली, हे हलतंय.

म्हटलं, नाडी असेल.

ती म्हणाली, तिथे? वीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवते, मला नाडी कुठे असते ते माहीत आहे. प्रत्येकाला मधे एक भोक आहे आणि त्यातून काहीतरी डोकावतंय.

मी उशीत तोंड खुपसलं. हे शक्य नव्हतं. ती म्हणाली, पण आपले कपडे तर इस्त्रीचे होते. खुर्चीवरचं माझं बनियन तिनं उचललं, उलटं केलं, नाकाशी धरलं. आणि सहज, अगदी सहज, म्हणाली की लाल दोरा थोडाच उरला होता आणि ताईनं कपडे कमी आणले, म्हणून या वेळी लाल ताईकडच्यांना घातला आणि निळा आपल्याला.

मी काही बोललो नाही. उशीत आणखी खोल गेलो.

ती बनियनची घडी पडली होती तिथून बोट फिरवत होती. कडक घडी. हातानं घातलेली. मग तिनं ते बनियन माझ्या उशीजवळ ठेवलं, निळा दोरा माझ्या नाकासमोर येईल असं, आणि ताईंना हाक मारायला गेली.

ताईंनी पाहिलं. साडूनंही पाहिलं. मी नको म्हणत असताना. साडू म्हणाला, अरे देवा.

तो कशावरही चढला नाही.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ

सरकारी दवाखाना गाडीनं बराच लांब. डॉक्टर उद्या पहाटेच भेटतील. आज व्हॅसलिनचा थर लावून ठेवा, म्हणजे आतल्यांचा श्वास कोंडेल आणि ते तोंड वर काढतील, असा फोनवर निरोप. तळहाताएवढे थर. ताईंनी सांडगे घातल्यासारखे ओळीनं घातले.

टूर मॅनेजर म्हणाला, सोबत कुणीतरी हवं, यांना गाडीत आडवं धरून ठेवायला लागेल. पहाटे. म्हणजे बोटीच्या वेळेला.

बायकोनं पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. म्हणाली, मी जाते. दुसरं कोण जाणार?

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. पत्नीनं पतीजवळ असावं. मगर काय, फळ्यावरही असते.

पण साडूनं ती वही उचलली आणि परत तिच्या हातात दिली. म्हणाला, तुम्ही बोटीत बसा. साडूभाऊंबरोबर मी जातो. आजारपणातही ज्यानं माझ्या कपड्यांच्या घड्या घातल्या, त्याला मी एवढंही धरू नये?

बायको म्हणाली, भाऊजी, त्या घड्या. आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले, कारण मला वेदना होत होत्या.

मग ती म्हणाली, बरं. आणि कॅमेरा मागितला.

१५ फेब्रुवारी, विमानात (उभ्यानं)

दवाखान्यात एकच टेबल होतं. लोखंडी, उंच, पायरी मोडलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चढा. मला चढता येईना. साडूनं खालून हात दिला आणि म्हणाला, चढा टेबलराव. लगेच जीभ चावली. म्हणाला, सॉरी, साडूभाऊ, तोंडातून गेलं.

बाईंनी एकेक किडा दाबून काढला. पांढरे, जाडजूड, माझ्यावर पोसलेले. सात. साडू एका हातात बॅटरी धरून होता, दुसऱ्या हातात माझा हात. प्रत्येक वेळी म्हणायचा, झालं, झालं, हा शेवटचा. सातही वेळा म्हणाला. तिसऱ्याला त्याच्या हाताला घाम सुटला, पाचव्याला तो पांढराफटक पडला, सहाव्याला भिंतीला टेकला. पण वर चढला नाही. खोलीतलं एकमेव टेबल माझ्याकडे होतं. कॅमेरा नदीवर.

बाईंनी विचारलं, बिनइस्त्रीचे कपडे घातलेत का? साडू म्हणाला, शक्यच नाही डॉक्टर, हे स्वतः कीटकनियंत्रणात आहेत. बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी काही बोललो नाही. हलू नका असं त्यांनीच सांगितलं होतं.

मी शत्रू बाटलीत घालून मागितले. घरी नेऊन एकेकाचा समाचार घेतला असता. बाईंनी दिले नाहीत.

लॉजवर परतलो तर बायको काठावर उभी होती. साडी गुडघ्यापर्यंत चिखलात, वेणी सुटलेली. साडूला म्हणाली, भाऊजी, दिसली. जबडा हा एवढा. दाताला दात. आणि त्यात पिल्लू असं बसलं होतं, खिडकीत बसल्यासारखं. पाण्यात जाऊन तोंड उघडलं, आणि पिल्लू पोहायला लागलं. बोलता बोलता रडली. साडूही रडला. ताई म्हणाल्या, तुम्ही का रडताय, तुम्ही पाहिली नाहीत ना. साडू म्हणाला, मी दुसरं पाहून आलोय.

बायकोनं मला विचारलं, निघाले का सगळे?

म्हटलं, सात.

म्हणाली, मोजले म्हणजे बरं. आणि पाय धुवायला गेली.

१८ फेब्रुवारी

सासऱ्यांकडे जेवण. मी उशी घेऊन गेलो. आता सगळं बाहेर येणार अशी माझी तयारी होती. साडू तोंड उघडील त्याच क्षणी उलट हल्ला करायचा. टायरच्या वजनावरून दोन वाक्यं पाठ केली होती.

साडू उठला. म्हणाला, बाबा, आजपासून या घरात कुणी यांना टेबलराव म्हणायचं नाही. सात वेळा दाबलं, माणसानं हूं केलं नाही. (केलं होतं.) आणि माणूस किती मायेचा म्हणून सांगू. मग घड्या. पूर्ण हकिकत, ग्लास वाजवण्यासकट.

सासरे म्हणाले, असं होय. मेहुण्याच्या पोरांनी काका म्हटलं, नुसतं काका.

म्हणजे जिंकलो. मूळ मागणी हीच होती. मान्य झाली. पाठ केलेली दोन वाक्यं मात्र पडून राहिली.

तेवढ्यात बायको म्हणाली, यांना घड्यांची खरंच आवड आहे, बाबा. आणि इस्त्रीचीही, आता. मी म्हणतेय, भाऊजींना दुकानातून वेळ कुठे मिळतो? दोन्ही घरच्या कपड्यांचं हेच बघतील. दर रविवारी.

साडू म्हणाला, छे छे, असं कसं. ताई म्हणाल्या, अहो, त्यांना आवडतंय तर करू द्या की.

मला आवडतं का, असं कुणी विचारलं नाही. बायको माझ्याकडे पाहत होती. दात दिसत होते. लावले नाहीत.

२५ फेब्रुवारी, रविवार

साडूकडून बोचकं आलं. मोठं आहे. पडदेही घातलेत.

इस्त्री जेवणाच्या टेबलावर करतो, उंचीला तेच बरं पडतं. समोरच्या भिंतीवर बायकोनं मगरीचा फोटो मोठा करून लावलाय. फ्रेम तीच, जी मी साडूसाठी आणून ठेवली होती. फोटो चांगला आलाय. लेन्स वसूल झाली. मागच्या बाकावरच्यांना दाखवायला उद्या शाळेत नेणार आहे.

मेहुण्याचा धाकटा पुस्तक द्यायला आला होता. मला पाहून आत ओरडला, आत्या, टेबलकाका टेबलाजवळच आहेत.

इस्त्रीचा अभ्यास झालाय. सुती कपड्याला आकडा तीन. चारवर नेऊन जरा जास्त वेळ दाबून धरली तर बरोबर पाठीवर, मधोमध, तपकिरी तिकोनी डाग पडतो. धुतला तरी जात नाही. अपघात कुणाच्याही हातून होतो. शेवटी सूड हा थंड डोक्यानं आणि गरम इस्त्रीनं घ्यावा.

बायको अंगणात गेल्याची खात्री केली. बायकोनं लावून दिलेल्या साडूच्या ढिगातलं वरचं बनियन घेतलं. चारवर नेली. दाबून धरली. वास येईपर्यंत.

मग उलटं करून पाहिलं. निळा.